व्हिएतनाममध्ये पैसे गुंतवावेत का? आई-बाबांना पत्र

हो ची मिन्ह सिटी,
९ नोव्हेंबर २०२५

तीर्थस्वरूप आई व बाबा यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, तुमचे पत्र आणि सल्लागाराने दिलेल्या माहितीपत्रकाची छायाचित्रे मिळाली. व्हिएतनामच्या शेअर बाजारात पैसे गुंतवणाऱ्या एका परदेशी फंडात पंचवीस लाख रुपये घालावेत असे तुमच्या मनात आहे, आणि मी येथे राहते म्हणून तुम्ही माझे मत विचारले आहे. फोनवर मी ‘घाई करू नका’ एवढेच म्हणाले होते. त्याने तुमचे समाधान झाले नसणार हे मला ठाऊक आहे, म्हणून आज रविवारी निवांत बसून सविस्तर लिहिते आहे. माझे मत आधीच सांगते. या देशाची वाढ खरी आहे, परंतु त्या वाढीचा मोठा भाग येथील शेअर बाजारात विकत मिळतच नाही. आणि जो मिळतो त्याला जेवढा काळ द्यावा लागतो, तेवढा काळ तुमच्या या पैशांजवळ नाही.

माहितीपत्रकातील देशाचे वर्णन खोटे नाही. १९८६ च्या डिसेंबरमध्ये येथील कम्युनिस्ट पक्षाने ‘दोइ मोइ’ म्हणजे नवीकरणाचे धोरण स्वीकारले, आणि ज्या देशाला तांदूळ पुरत नव्हता तो १९८९ मध्ये तांदूळ निर्यात करू लागला. २००७ मध्ये व्हिएतनाम जागतिक व्यापार संघटनेचा सदस्य झाला आणि २०२० मध्ये युरोपीय संघाशी त्याचा मुक्त व्यापार करार लागू झाला. गेल्या वर्षी अर्थव्यवस्था सात टक्क्यांहून थोडी अधिक वाढली, निर्यात चारशे अब्ज डॉलरच्या पुढे गेली आणि लोकसंख्येने दहा कोटींचा टप्पा तर २०२३ मध्येच ओलांडला होता. रस्त्यावर उतरले की हे सारे दिसते. ज्या मेट्रोचे काम २०१२ पासून चालू होते ती अखेर गेल्या डिसेंबरात सुरू झाली, आणि आता मी आठवड्यातून दोनदा तिने जाते. तेव्हा ‘तो देश खरोखर पुढे जातो आहे का’ या तुमच्या प्रश्नाचे उत्तर होय असेच आहे.

मात्र देश वाढणे आणि त्या देशातील शेअर घेणाऱ्याला पैसे मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि माझे म्हणणे मुख्यतः याच ठिकाणी आहे. मी ज्या फर्निचर कारखान्याचे हिशेब पाहते तो बिन्ह डुओंगमध्ये आहे, मालक तैवानचे आहेत, लाकूड बरेचसे बाहेरून येते आणि माल अमेरिकेला जातो. कारखाना वाढला की कामगारांना पगार मिळतो, सरकारला कर मिळतो, आकडेवारीत देशाची निर्यात वाढते. नफा मात्र तैवानला जातो, आणि या कारखान्याचा एकही शेअर येथील बाजारात मिळत नाही. हे आमच्यापुरतेच असते तर मी त्याचा उल्लेख केला नसता. सॅमसंगचे बाक निन्ह आणि थाई न्गुयेन येथील प्रचंड कारखाने व्हिएतनामच्या एकूण निर्यातीचा सुमारे सातवा हिस्सा एकटे उचलतात, पण सॅमसंगचा शेअर घ्यायचा तर सोलच्या बाजारात जावे लागते. देशाच्या निर्यातीपैकी सत्तर टक्क्यांहून अधिक निर्यात परदेशी मालकीच्या कंपन्या करतात. म्हणजे माहितीपत्रकाच्या पहिल्या पानावर ज्या कारखान्यांची छायाचित्रे आहेत, ते त्या फंडाच्या पिशवीत बहुतेक नाहीतच.

मग पिशवीत काय असते? प्रामुख्याने बँका आणि बांधकाम कंपन्या. त्याखेरीज एखादी पोलाद कंपनी, एखादी दुधाची, एखादी सॉफ्टवेअरची. यंदा निर्देशांक जो उसळला त्यात विन्ग्रुप या एकाच उद्योगसमूहाच्या शेअरांचा वाटा फार मोठा होता. विजेवर चालणाऱ्या मोटारी करणारी विनफास्ट ही त्याच समूहाची कंपनी, जिचा कारखाना ऑगस्टमध्ये तमिळनाडूत तुतुकुडीला सुरू झाला. ती अजून तोट्यात आहे. तुम्ही ‘व्हिएतनाम’ म्हणून जे विकत घ्याल त्यात निर्यातीपेक्षा येथील जमिनीचे भाव आणि बँकांची कर्जे यांवर लावलेली पैज अधिक असेल. ही पैज चुकीचीच ठरेल असे मी म्हणत नाही, पण ती वेगळी आहे हे तुम्हाला कोणी सांगितलेले दिसत नाही.

हो ची मिन्ह सिटीचा शेअर बाजार २००० सालच्या जुलैमध्ये अवघ्या दोन कंपन्यांनिशी सुरू झाला. २००७ मध्ये, जागतिक व्यापार संघटनेतील प्रवेशाच्या उत्साहात, निर्देशांक ११७० च्या आसपास पोहोचला आणि फेब्रुवारी २००९ मध्ये २३५ पर्यंत खाली आला. म्हणजे लाखाचे वीस हजार झाले. त्याच मंदीत आपला सेन्सेक्सही कोसळला होता, पण तो नोव्हेंबर २०१० मध्ये जुन्या उंचीवर परत आला. व्हिएतनामच्या निर्देशांकाला २००७ ची उंची पुन्हा गाठायला २०१८ साल उजाडले. बाबा, ही अकरा वर्षे देशाची अर्थव्यवस्था एकदाही आकसली नव्हती, दरवर्षी पाच ते सात टक्के वाढतच होती. पुढे जानेवारी २०२२ मध्ये निर्देशांक १५०० च्या वर गेला, त्याच नोव्हेंबरात ९०० च्या आसपास आला, आणि यंदा ऑक्टोबरमध्ये १७०० ओलांडून २० तारखेला एकाच दिवसात सुमारे ९५ अंशांनी घसरला. अमेरिकेच्या बाजारात २००९ पासून चालत आलेला एक व्हिएतनाम फंड आहे. त्याचा डॉलरमधील भाव आजही त्याच्या पहिल्या दिवसाच्या भावापेक्षा खाली आहे. तुमचे वय आज सहासष्ट आहे. यापेक्षा अधिक स्पष्ट लिहिणे मला लेक म्हणून जड जाते.

चलनाविषयी तुम्ही व्यक्त केलेली भीती मात्र मला तितकीशी पटत नाही. पाच लाख डाँगची नोट साधारण सतराशे रुपयांची, इतकी शून्ये पाहून हे चलन कुचकामी असेल असे वाटणे साहजिक आहे. परंतु नोटेवरची शून्ये पाहून चलन पुढे किती घसरेल हे कळत नसते. २००८ मध्ये येथे महागाई तेवीस टक्क्यांवर गेली होती आणि फेब्रुवारी २०११ मध्ये सरकारने डाँगचे एकदम नऊ टक्क्यांहून अधिक अवमूल्यन केले, हे खरे. त्यानंतर मात्र डाँग बऱ्यापैकी स्थिर राहिला. २०११ मध्ये एका डॉलरला सुमारे २०,९०० डाँग आणि आपले पंचेचाळीसच्या आसपास रुपये पडत असत. आज २६,३०० डाँग आणि ८८ रुपये पडतात. हिशेब केलात तर दिसेल की या काळात डाँगपेक्षा आपला रुपयाच कितीतरी अधिक घसरला.

मला खरी धास्ती वाटते ती देखरेखीची. ऑक्टोबर २०२२ मध्ये ट्रुओंग मी लान या बांधकाम व्यवसायातील बाईंना अटक झाली आणि सायगॉन कमर्शियल बँकेच्या शाखांसमोर पैसे काढायला रांगा लागल्या. कायद्याने एका व्यक्तीला बँकेचे पाच टक्क्यांहून अधिक शेअर धरता येत नव्हते. या बाईंनी दुसऱ्यांच्या नावांवर नव्वद टक्क्यांहून अधिक बँक आपल्या मुठीत ठेवली होती, आणि बँकेची तपासणी करायला आलेल्या मध्यवर्ती बँकेच्या अधिकारी बाईंनी ५२ लाख डॉलरची लाच घेऊन डोळे मिटले होते. न्यायालयाने साडेबारा अब्ज डॉलरच्या अपहाराबद्दल ट्रुओंग मी लान यांना एप्रिल २०२४ मध्ये मृत्युदंड सुनावला. यंदा कायदाच बदलल्यामुळे तो जन्मठेपेत रूपांतरित होणार आहे. पण तुम्हाला सांगण्यासारखा भाग पुढचा आहे. त्यांच्या कंपन्यांचे कर्जरोखे सुमारे ३६ हजार लोकांच्या गळ्यात मारले गेले, आणि त्यांतील अनेक जण त्याच बँकेत मुदत ठेव ठेवायला किंवा ठेवीचे नूतनीकरण करायला आलेले साधे ठेवीदार होते. काउंटरवरच्या ओळखीच्या माणसाने सांगितले की हे ठेवीइतकेच सुरक्षित आहे आणि व्याज थोडे जास्त आहे. माझ्या घरमालकीणबाईंच्या वहिनी त्यांपैकी एक. निवृत्त शिक्षिका आहेत. तुमच्या पत्रात ‘ते गृहस्थ आपल्या बँकेतलेच ओळखीचे आहेत’ हे वाक्य वाचले तेव्हा मला आधी त्याच आठवल्या.

फंडात पैसे घातले तर असे रोखे थेट तुमच्या अंगावर येणार नाहीत, हे मान्य. परंतु त्या अटकेनंतर सगळाच बाजार खचला, आणि ज्या बँका व बांधकाम कंपन्यांवर त्याचा परिणाम झाला त्याच त्या फंडात सर्वाधिक आहेत. शिवाय जून २०२३ पासून हा देश एफएटीएफ या काळ्या पैशावर नजर ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या करड्या यादीत आहे, म्हणजे काळ्या पैशाच्या उलाढालीवर त्याचा अंकुश पुरेसा नाही असे त्या संस्थेचेच मत आहे.

अमेरिकेच्या आयात शुल्काविषयी थोडक्यात लिहिते, कारण ते दर महिन्याला बदलते. २ एप्रिलला व्हिएतनामवर ४६ टक्के शुल्क जाहीर झाले, दुसऱ्या दिवशी निर्देशांक साडेसहा टक्क्यांहून अधिक पडला, आणि आमच्या कारखान्यात त्या आठवड्यात एकाही कंटेनरला रवाना करण्याचा निरोप आला नाही. जुलैमध्ये ते २० टक्क्यांवर आले. ऑक्टोबरमध्ये गादीदार फर्निचरवर वेगळे २५ टक्के लागले. निर्यातीचा जवळपास तिसरा हिस्सा ज्या एका गिऱ्हाइकाकडे जातो ते गिऱ्हाईक असे वागू लागले, तर येथील वाढीचा पुढच्या पाच वर्षांचा अंदाज कोणी किती छातीठोकपणे द्यावा याचा तुम्हीच विचार करा.

सल्लागाराचा सर्वांत मोठा मुद्दा असा दिसतो की देशोदेशींच्या शेअर बाजारांची वर्गवारी करणाऱ्या एफटीएसई रसेल या संस्थेने गेल्या महिन्यात व्हिएतनामला ‘फ्रंटियर’ म्हणजे अजून प्राथमिक अवस्थेतील बाजारांच्या गटातून ‘उदयोन्मुख’ गटात घेण्याचे जाहीर केले आहे आणि आता परदेशी पैसा धो धो येईल. घोषणा खरी आहे. बदल मात्र २१ सप्टेंबर २०२६ पासून लागू व्हायचा आहे आणि त्याआधी मार्चमध्ये एक आढावा आहे. एमएससीआय या दुसऱ्या मोठ्या संस्थेने अजून गट बदललेला नाही. जी बातमी सांगलीतल्या सल्लागाराच्या माहितीपत्रकात छापून आली, ती येथील भावात केव्हाच मिसळली असणार. आणि गंमत अशी की परदेशी गुंतवणूकदारांनी गेल्या वर्षी आणि यंदाही येथे खरेदीपेक्षा विक्रीच अधिक केली आहे. (ज्या व्हॉट्सॲप गटावर तुम्हाला हे ‘व्हिएतनाम दुप्पट’ प्रकरण कळले, त्याच गटावरून शिवाजी महाराजांच्या गनिमी काव्याने व्हिएतनामने अमेरिकेला हरवल्याचा संदेशही तुम्ही मला पाठवला होता. महाराजांचा मोठेपणा त्या संदेशावर अवलंबून नाही. पण मी येथे विचारलेल्या कोणालाही त्यातले काही ठाऊक नव्हते.)

दादाने सुचवलेल्या येथील फ्लॅटचा विचार तर सोडूनच द्या. येथे जमीन सर्व जनतेची, म्हणजे व्यवहारात सरकारची. परदेशी माणसाला सदनिका मिळते ती पन्नास वर्षांसाठी. भाडेकरू, दुरुस्ती आणि विक्री हे सगळे मी येथे असेपर्यंत मी पाहीन, पण मी येथे कायम राहणार आहे असे कोणी ठरवले?

आता आपल्याकडच्या बाजूचा हिशेब. वर्षाला दहा लाखांपेक्षा अधिक रक्कम गुंतवणुकीसाठी परदेशी पाठवली की वरच्या रकमेवर बँक वीस टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापते. पंचवीस लाख एकदम पाठवलेत तर तीन लाख रुपये तेथेच अडकतील. ते विवरणपत्र भरल्यावर समायोजित होतील किंवा परत मिळतील, पण तोवर तुमच्या हाती नसतील. शिवाय परदेशी मालमत्ता असली की तुम्ही आजवर भरता तो विवरणपत्राचा साधा आयटीआर-१ नमुना चालत नाही, आयटीआर-२ मध्ये तिचा सारा तपशील दरवर्षी द्यावा लागतो. आईला दर जुलैमध्ये तुमचे कागद शोधताना किती मनस्ताप होतो ते मी पाहिले आहे.

हे पैसे ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवले, तर आजच्या ८.२ टक्के दराने पंचवीस लाखांवर तिमाहीला सव्वाएक्कावन्न हजार रुपये हातात येतात. आई, तुझ्या गुडघ्याची शस्त्रक्रिया आपण पुढच्या हिवाळ्यात करू असे म्हणतो आहोत. तेव्हा हो ची मिन्ह सिटीचा निर्देशांक कितीवर आहे हे पाहून तारीख ठरवायची वेळ आपल्यावर येऊ नये. बाबांची पेन्शन आहे, त्यामुळे थोडी जोखीम तुम्हाला झेपणार नाही असे नाही. तुम्हाला हौसच असेल तर दोन लाखांपर्यंतची रक्कम, पुढची दहा वर्षे तिच्याकडे पाहावे लागणार नाही अशा बेताने, आपण पुढच्या वर्षी एखाद्या स्वस्त खर्चाच्या फंडात घालू. त्याची कागदपत्रे मी स्वतः वाचेन. मी माझ्या पगारातून थोडे थोडे येथे घालते आहे. माझा पगार डाँगमध्ये आहे, वय पस्तीस आहे, आणि बाजार निम्मा झाला तरी मला काही विकावे लागणार नाही.

बुधवारी ते गृहस्थ सही घ्यायला येणार आहेत असे आई म्हणाली. सही करू नका. त्यांना सेबीचा नोंदणी क्रमांक विचारा. या पंचवीस लाखांतून त्यांना पहिल्या वर्षी किती दलाली मिळते आणि फंडाचा वार्षिक खर्च किती टक्के आहे, तेही विचारा. आणि मधेच पैसे काढायचे झाले तर किती दिवसांत व किती कपात होऊन मिळतील, ते त्यांच्याकडून लेखी घ्या. त्यांनी जे लिहून दिले त्याचे छायाचित्र मला पाठवा. गुरुवारी रात्री आपल्याकडच्या साडेआठला मी फोन करते.

तुमची,
धाकटी