अण्णांचा कॅटलॉग

पुणे

प्रिय सुध्या,

चार महिने पत्र लिहीन म्हणतोय. तब्येत ठीक, गुडघे तेवढे कुरकुरतात. फोन केला असता, पण तू मला बोलूच दिलं नसतंस.

नववीत तू माझ्या स्टँडर्ड हेराल्डच्या माहितीपत्रकातली गाडी कात्रीने कापून भूगोलाच्या वहीवर डिंकाने चिकटवलीस. त्यावरून आजवर तुला जे जे बोललो, ते सगळं मागे घेतो. आता कारण ऐक.

अण्णांचा प्रीमियर प्रेसिडेंटचा कॅटलॉग. तू जाताना "सांभाळ" म्हणून दिलेला. ते नाव १९७२ ला आलं आणि १९७४ ला त्याच फियाटची पद्मिनी झाली. त्यामुळे पद्मिनीचे कागद जुन्या बाजारात अजूनही हाती लागतात. प्रेसिडेंटचा दुसरा मी तरी पाहिला नाही. घडीवर कागद विरायला लागला होता. कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्या पोराला म्हटलं, "स्कॅन कर आणि प्लॅस्टिकच्या पाकिटात घाल." आणि चहाला गेलो. तिथेच माती खाल्ली.

परत येतो तर पोरगं खुशीत. "काका, लॅमिनेशनच करून टाकलं. आता टेन्शन नाही."

गरमागरम हातात दिलं रे. गोंद वितळून कागदात मुरलेला. सोलायला जावं तर छपाई प्लॅस्टिकबरोबर निघणार. घरी एका फालतू जाहिरातीवर हेअर ड्रायरचा प्रयोग केला, तर स्कूटरवरची बाई उडाली, स्कूटर राहिली. (हस, हस.) डीलरच्या जांभळ्या शिक्क्यावर हवेचा बुडबुडा आलाय. पोराला तरी काय बोलणार, पाकीट मीच म्हटलं होतं.

पण खरं लागलं ते वेगळंच. अण्णा चित्रातला स्टिअरिंगखालचा गिअर बोटाने टाकून दाखवायचे, तोंडाने आवाज काढत. १०८९ सीसी आपल्याला पाढ्यांच्या आधी पाठ. बोट फिरून फिरून तिथली चकाकी गेली होती, कागद खरखरीत झाला होता. मी अधूनमधून हात लावून बघायचो. आता सगळं पान सारखंच गुळगुळीत. गाडीचा नंबर लागला तेव्हा तू इंजिनिअरिंगला होतास. पुढचं तुला काय सांगू.

स्नेहाचं ठरल्याचं कळलं, अभिनंदन. तारीख कळव. बर्फात चालताना जपून, तुला गच्चीवरही धड चालता यायचं नाही.

किमतीचा सुटा कागद माझ्या फाइलमध्येच राहिला होता, म्हणून वाचला. सोबत पाठवतोय. मागे अण्णांनी पेन्सिलने किंमत, टॅक्स, विमा मांडून बेरीज केलीय. ती चुकलीय. हातचा एक धरायचा राहिला. अण्णांचा! मी तीनदा करून बघितली.

तुझा,
बंड्या