जुन्या पिकअपला नवं इंजिन : केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्र्यांना खुलं पत्र

मा. नितीनजी गडकरी साहेब,
केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्री, नवी दिल्ली

सप्रेम नमस्कार.

पुणे-नाशिक रस्त्यावर, नारायणगावच्या पट्ट्यात माझं डिझेल गाड्यांचं गॅरेज आहे. गिऱ्हाईक बहुतेक पिकअपवाले. कुणी टोमॅटोचे क्रेट वाहतो, कुणी कांदा, कुणी दूध. रस्ते, टोल आणि अपघातांवर आपल्याला ढिगाने पत्रं येत असतील. माझा विषय बॉनेटखाली मावेल एवढाच आहे. जुन्या डिझेल पिकअपमध्ये तिच्यापेक्षा नव्या काळातलं, कमी धुराचं डिझेल इंजिन बसवायचं असेल तर कायद्याने जायचं कुठून?

आमच्याकडे पंधरा वर्षं ओलांडलेल्या महिंद्रा पिकअप आणि टाटा २०७ अजून रोज धंद्यावर असतात. चेसिस सरळ, पाटे ठीक, हौद्याला नवा पत्रा मारलेला. थकलेलं असतं ते इंजिन. चालू इंजिनाचं ऑइल टाकायचं झाकण काढलं की आतून भकाभका वाफ येते, डिपस्टिक आपोआप वर सरकते. म्हणजे रिंगा गेल्या, लायनर झिजले, जळलेला गॅस पिस्टनच्या बाजूने खाली ऑइलच्या चेंबरमध्ये उतरतोय. अशी गाडी भरून माळशेज घाटात निघाली की मागच्या दुचाकीवाल्याची काय दशा होते ते सांगायला नको. मालक म्हणतो, इंजिनकाम करून टाका. करतोही आम्ही. पण क्रँक आधीच दोनदा ग्राइंड झालेला असतो, ब्लॉकला चीर असते, आणि जुन्या मेकॅनिकल पंपाचं इंजिन कितीही नीट बांधलं तरी ते धुराच्या बाबतीत स्वतःच्या पिढीपलीकडे जात नाही.

नवी पिकअप घ्या, हा सल्ला द्यायला सोपा आहे. नऊ-दहा लाखांची गाडी, वर हप्ता. टोमॅटोला भाव लागला तर हप्ता निघतो, नाही लागला तर वसुलीवाला दारात. मग मालक कुठून तरी ऐकून येतो की अमक्याची बीएस-४ (बीएस म्हणजे धुराचा सरकारी निकष, आकडा जितका मोठा तितका धूर कमी) पिकअप मागून धडकेत गेली, हौदा-चेसिस भंगार झालं पण इंजिन शाबूत आहे, ईसीएम (इंजिन चालवणारा छोटा कॉम्प्युटर) आणि वायरिंगसकट मिळतंय. तेवढ्या पैशात नव्या गाडीचं डाउनपेमेंटही होत नाही. तो विचारतो, बसवाल का?

बसतं की नाही, हा प्रश्न आमच्यासाठी अवघड नाही. महिंद्राचं जुनं, मेकॅनिकल पंपाचं डीआय इंजिन २५२३ सीसीचं, चार सिलिंडरचं. त्याच घराण्यातलं नंतरचं कॉमन रेल, म्हणजे कॉम्प्युटरच्या हुकमाने डिझेल सोडणारं, इंजिनही २५२३ सीसीचंच. इंजिन बसतं ते फाउंडेशन जुळवायचं, बेल हाउसिंग आणि क्लच बघायचा, ॲक्सिलरेटरची केबल काढून सेन्सरवालं पेडल लावायचं, टाकीपासून रिटर्नची लाइन नीट घ्यायची, रेडिएटर मोठा करायचा. वायरिंग हेच खरं डोकेदुखीचं काम. हार्नेस, म्हणजे वायरांचा जुडगा, कापून जोडलेला असेल तर गाडी पहिल्या पावसात बंद पडते आणि फिटर शिव्या खातो. पण हे सगळं शिकता येतं, तपासताही येतं.

अडतं ते आरसीच्या, म्हणजे गाडीच्या नोंदणीच्या, कागदावर. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ म्हणतं की उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी आरसीतला तपशील विसंगत होईल असा बदल मालकाने करू नये. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये केरळातल्या एका प्रकरणात हे आणखी घट्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीत कलम १८२अ आलं. परवानगीबाहेरच्या प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. त्याच मेकचं, त्याच प्रकारचं इंजिन आधी परवानगी घेऊन बदललं तर १४ दिवसांत आरटीओला कळवून नवा नंबर आरसीवर चढवता येतो. पण बीएस-३ गाडीत बीएस-४ चं इंजिन आलं की ‘तोच प्रकार’ राहत नाही. म्हणजे धूर सोडणारं जुनं इंजिन काढून तसंच दुसरं धूर सोडणारं बसवलं तर कायदेशीर, आणि कमी धुराचं बसवलं तर गुन्हा.

गंमत म्हणजे हाच कायदा इंधन बदलायला मात्र हात आखडत नाही. सीएनजी, एलपीजी, बॅटरी यांच्या किटसाठी कलम ५२ मध्येच वाट ठेवलेली आहे. आपण स्वतः फेब्रुवारी २०२१ मध्ये डिझेल ट्रॅक्टर सीएनजीवर करून देशाला दाखवलात. चांगलं काम झालं. पण आमच्या वाड्या-वस्त्यांपासून पंप लांब, आणि रांगेत दीड-दोन तास घालवून टोमॅटो वाशीला वेळेत पोचवायचा म्हणजे ड्रायव्हरचे हाल. डिझेल अजून काही वर्षं इथून हलत नाही, हे आपल्यालाही ठाऊक आहे.

आणखी एक जुनी गोष्ट. २०१९ च्या आधी कलम ५२ च्या दुसऱ्या पोटकलमात अशी सोय होती की ज्याच्याकडे किमान दहा वाहतूक वाहनं आहेत, त्याला राज्य सरकार अधिसूचना काढून परवानगीशिवाय त्याच मेकचं आणि प्रकारचं इंजिन बदलू देऊ शकत होतं. मोठ्या ट्रान्सपोर्टवाल्याला सवलत, एका गाडीवर घर चालवणाऱ्याला खेटे. ते पोटकलम आता गेलं आणि त्या जागी दिव्यांगांच्या गाड्यांची तरतूद आली, ती योग्यच आहे. पण एका गाडीवाल्याचं इंजिन तिथेच राहिलं.

वाट नसली की माणूस आडवाट काढतो, आणि ती आमच्या लाइनमध्ये सगळ्यांना माहीत आहे. ब्लॉकवर नंबराची एक सपाट पट्टी असते. ती ग्राइंडरने घासायची आणि डाय घेऊन जुन्या इंजिनाचा नंबर तिच्यावर ठोकायचा. आकडे जरा वेडेवाकडे दिसतात, वर ग्रीस फासायचं. आरटीओच्या पासिंगला सगळं जुळतं. माझ्या गॅरेजात हे होत नाही म्हणून काही गिऱ्हाईकं पुढच्या गावी जातात, हे मी तक्रार म्हणून नाही, वस्तुस्थिती म्हणून लिहितोय. चोरीच्या गाडीचं इंजिन जिरवायला यापेक्षा सोयीची जागा नाही. अपघात झाला, विम्याच्या सर्व्हेअरने ग्रीस पुसलं, की क्लेम गेला. मेलेल्या क्लीनरच्या घरच्यांना त्या घासलेल्या पट्टीशी काय देणंघेणं असतं, सांगा.

साहेब, सरसकट सूट द्या असं मी म्हणत नाही. हौसेखातर जुन्या जीपमध्ये दुप्पट ताकदीचं इंजिन कोंबून रील काढणारी पोरं आहेत, त्यांची गाडी जुन्या ब्रेकवर थांबत नाही. त्यांना दंड करा. बीएस-६ इंजिन जुन्या गाडीत बसवायची परवानगीही मी मागत नाही. त्याचा डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) आणि सेन्सरचा पसारा जुन्या चेसिसवर नीट चालवणं गावच्या गॅरेजच्या आवाक्यातलं नाही, आणि सायलेन्सरमधून डीपीएफ काढून टाकला तर सगळाच हेतू बुडाला.

मागणं एवढंच आहे. २०१९ च्या दुरुस्तीने कलम ५२ मध्ये केंद्र सरकारला बदलांच्या अटी ठरवायचा अधिकार दिला आहे. तो वापरा. कोणत्या जुन्या पिकअपमध्ये कोणतं नंतरचं इंजिन चालेल याच्या जोड्या पुण्याच्या एआरएआय या गाड्या तपासणाऱ्या संस्थेकडून एकदा तपासून घ्या आणि यादी जाहीर करा. त्याच कंपनीचं, जवळपास तेवढ्याच ताकदीचं, एकूण वजनाची मर्यादा न वाढवणारं. कंपन्यांना हे आवडणार नाही, त्यांना नवी गाडी विकायची असते. म्हणूनच ते काम त्यांच्यावर सोडू नका.

इंजिन कुठून आलं याचा पुरावाही आपल्याच योजनेतून मिळू शकतो. २०२१ च्या नियमांनी नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रं आली. तिथे मोडणाऱ्या गाडीचा नंबर वाहन पोर्टलवरून रद्द होतो. त्याच वेळी तिच्या चांगल्या इंजिनाला ‘पुन्हा बसवण्यायोग्य’ असा दाखला नंबरासकट दिला, तर घासाघाशीचा धंदाच बसेल. मग आरटीओने गाडी एकदा उभी करून तीन गोष्टी बघाव्यात: दाखल्यावरचा नंबर, ब्रेक, धूर. आज स्मोक मीटरवर बीएस-४ च्या आधीच्या डिझेलला ६५ हार्ट्रिज युनिटपर्यंत (धुराचा दाटपणा मोजायचं एकक) चालतं, बीएस-४ ला ५०. इंजिन बदललेल्या गाडीला ५० चीच मर्यादा लावा. आम्ही तक्रार करणार नाही. ज्याची गाडी नापास होईल त्याने पुन्हा गॅरेजला यावं.

आपल्या मंत्रालयाचे मसुदे राजपत्रात हिंदी-इंग्रजीत येतात आणि हरकतींना बहुतेक वेळा ३० दिवस मिळतात. आमच्यापर्यंत बातमी येते तोवर मुदत संपत आलेली असते. हा मसुदा काढाल तेव्हा मराठीतही काढा आणि तालुक्याच्या ठिकाणी आरटीओचा कॅम्प लागतो तिथे चिकटवा. पिकअपवाले त्या दिवशी तिथेच असतात.

कळावे,
आपला,
नारायणगाव पट्ट्यातला एक गॅरेजवाला