जीनातला हौद

ता. खामगाव, जि. बुलढाणा
पोळ्याची कर

प्रिय दिगू,

लिव्हरपूलहून येऊन पंधरा दिवस झाले. लेक-जावई मजेत आहेत, नातू चालायला लागला. पण आज लिहायला बसलो ते दुसऱ्याच कारणानं.

तिथं रोज संध्याकाळी नातवाला बाबागाडीत घालून मी आल्बर्ट डॉकवर जायचो. जुनी व्यापारी गोदी. १८४६ साली उघडली, १९७२ ला बंद पडली. कापूस, तंबाखू, चहा ठेवायच्या त्या गोदामांच्या बांधकामात लाकूडच नाही. वीट, दगड अन् बिडाचे खांब. आगीची धास्ती, दुसरं काय! मला आपल्या जीनातला, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यातला, आगीसाठीचा हौदच आठवला. आपला वऱ्हाडी कापूस मुंबईहून विलायतेलाच जायचा ना. १८७० मध्ये खामगावला रेल्वेचा फाटा आला तो त्याच्याचसाठी.

बंद पडल्यावर गोदी गाळानं बुजली. पुढं गाळ उपसून पाणी कोंडलं, तर ते उन्हाळ्यात शेवाळानं हिरवं व्हायचं, तळाशी प्राणवायू नसायचा. मग १९८८ मध्ये भिंतींना निळेकाळे शिंपले धरले. कोणी आणून सोडले नव्हते, दिगू! समुद्राच्या पाण्याबरोबर आले अन् चिकटले. खातात ते पाणी गाळूनच; एकेक शिंपला तासाला लिटरभर तरी गाळतो म्हणतात. पाणी निवळलं. आता तिथं जेलीफिश तरंगतात, पांढऱ्या पातळ छत्रीत चार गोल कडी. जहाज बांधायच्या लोखंडी खुंटावर एक पाणकावळा पंख वाळवत बसायचा, माझ्यापासून पाच हातांवर. त्याचे डोळे पाचूसारखे हिरवे असतात, हे मला साठीत कळलं.

परवा मुद्दाम जीनात गेलो. सरकी काढायचे रेचे केव्हाच भंगारात गेले, टिनं उडाली. पण हौद पावसानं काठोकाठ भरलाय. मोडक्या नळावर खंड्या बसला होता. त्यानं सूर मारला, मासोळी आणली, नळावर दोनदा आपटली अन् गिळली. गाठी बांधायच्या प्रेसच्या भिंतीतल्या भोकातून पिंगळ्याची जोडी टकमक बघत होती. बेशरमाच्या झुडपाखाली पाणकोंबडी, मागं काळी इवली पिल्लं. मी तासभर उभा होतो.

जागेचे प्लॉट पाडायचे चाललेत अन् भावकीत फक्त तुझी सही राहिली, असं कळलं. पैशाची नड सगळ्यांनाच आहे, मी अडवत नाही. पण हौद अन् त्याच्या काठचा पिंपळ तेवढा नकाशात मोकळा सोडायला सांग. खचलेली भिंत मी माझ्या खर्चानं बांधून देतो.

सही करण्याआधी एकदा ये. सकाळी सातच्या आत जाऊ, तेव्हा खंड्या असतो.

तुझा,
वसंता