मिलिंदला, आईच्या दफनानंतर

गुरुवार पेठ, पुणे

प्रिय मिलिंद,

सप्रेम नमस्कार.

आईला मातीत ठेवून परतताना रिक्षात तू दबकत विचारलंस, "पाच अब्ज वर्षांनी सूर्य फुगून पृथ्वी होरपळणार. मग तुमचं पुनरुत्थान, मेलेल्यांचं पुन्हा उठणं, कुठे होणार?" तेव्हा घशातून शब्द फुटेना. आज लिहितो.

सूर्याचं तर काहीच नाही रे. तूच मला आयुकात, पुण्यातल्या त्या खगोलशास्त्राच्या केंद्रात, व्याख्यानांना न्यायचास, तिथेच ऐकलं: दूरचे सुपरनोव्हा, म्हणजे स्फोट होऊन उजळलेले तारे, पाहून 1998 मध्ये कळलं की विश्वाच्या प्रसरणाचा वेग वाढतोय. असंच चाललं तर दीर्घिका नजरेआड होतील, तारे एकेक करून विझतील, उरेल गारठा आणि काळोख. बायबलमधल्या पेत्राच्या दुसऱ्या पत्रात मात्र आकाश जळून लयास जातं. आमच्यातले काहीजण या दोहोंची मोट बांधू पाहतात. मला ते पटत नाही. लहानपणी एका पाहुण्या प्रचारकाने शेवटाचं वर्षच सांगितलं होतं, मी कित्येक रात्री झोपलो नाही. प्रभू तर म्हणतो, तो दिवस पित्याशिवाय कुणालाच ठाऊक नाही.

जॉर्ज लमेत्र आठवतो? पाद्री असूनही 1927 मध्ये प्रसरणाचं गणित त्याने मांडलं. प्रसरण उलटं मागे नेलं की विश्वाचा आरंभ येतो. 1951 मध्ये पोप बाराव्या पायसने त्या आरंभात निर्मात्याची साक्ष पाहिली, तेव्हा लमेत्रच अस्वस्थ झाला. सिद्धांताला धर्माचा पुरावा करू नये, असं त्याचं मत. शेवटाबद्दलही मी तेच म्हणेन.

पण विश्व आपल्या बळावर तगणार नाही, हे तुझं शास्त्र सांगतं तेव्हा मला धक्का बसत नाही. सबंध सृष्टी कण्हते आहे, असं पौलानेही रोमकरांना लिहिलंय. माझी आशा ताऱ्यांच्या इंधनावर कधी नव्हतीच. ज्याने हे घडवलं तो आपला शब्द पाळतो, एवढ्यावर ती आहे. भौतिकशास्त्राची प्राध्यापकी सोडून पाद्री झालेले जॉन पोल्किंगहॉर्न हेच मांडत.

आणि बायबलच्या शेवटच्या पुस्तकातलं, प्रकटीकरणातलं, "नवीन आकाश, नवीन पृथ्वी"! मूळ ग्रीक शब्द "काइनॉस". जुनं फेकून दुसरं आणणं मला त्यात दिसत नाही. आहे तेच नवं होणं दिसतं. उठलेल्या येशूच्या हातांवरसुद्धा खिळ्यांचे वण होतेच, त्याच्या शिष्याने, थोमाने, पाहिले.

आईच्या उजव्या मनगटावर तव्याचा जुना चटका होता, चिंचोक्याएवढा. पेटी बंद करण्याआधी मी त्यावर अंगठा ठेवला होता. तो डाग तिथेही असेल, असं मी मानतो.

तुझा,
सॅम्युएल