बेल्जियमचं पिस्तूल आणि आबांची बंदूक

ता. राळेगाव, जि. यवतमाळ
कोजागिरीनंतरचा रविवार, रात्र

प्रिय बंडू,

सप्रेम नमस्कार.

परवा तू फोनवर विचारलंस, "नाना, पिस्तुलाचं काय ठरलं?" मी "लिहून पाठवतो" म्हटलं आणि विषय बदलला. धाकटा भाऊ समोरच खाटेवर पडला होता, त्याच्यादेखत बोलवेना. आता घर झोपलंय, लाइन आहे, म्हणून लिहायला बसलो.

फेब्रुवारीतलं तुला ठाऊकच आहे. हिंगणघाटहून कापसाचे पैसे घेऊन येताना वडकी सोडल्यावर दोन मोटारसायकली आडव्या आल्या, गळ्याला कोयता लागला आणि एक लाख ऐंशी हजारांची पिशवी गेली. पैशाचं दुःख हळूहळू ओसरलं. पण अजून मागून मोटारसायकलचा आवाज आला की हात स्टेअरिंगवर आवळतात आणि गाडी आपोआप कडेला जाते. तेव्हाच मनाने घेतलं की कंबरेला काहीतरी पाहिजे. आबांची बाराबोअर घरात आहे, पण ती गाडीत घेऊन हिंडायची वस्तू नाही.

आबांनी सत्तरी ओलांडली तेव्हा ती बंदूक वारस म्हणून माझ्या परवान्यावर चढली होती. २०१९ च्या दुरुस्तीपासून एका माणसाला दोनच हत्यारं ठेवता येतात, म्हणजे एकाची जागा मोकळी होती. कलेक्टर कचेरीत अर्ज दिला, ठाण्यातून चौकशी झाली, शरीराचा आणि मनाचा दोन्हींचा डॉक्टरी दाखला जोडला. लुटीची एफआयआर सोबत होती म्हणून असेल, गेल्या महिन्यात बत्तीस बोअर पिस्तुलाची मंजुरी हातात आली. मनाच्या दाखल्याचं लक्षात ठेव, पुढे त्यावर येतो.

तू महार रेजिमेंटमध्ये असताना जे नऊ एमएम चालवलंस, ते आमच्यासारख्यांना मिळत नाही. तो बोअर प्रतिबंधित. आम्हाला बत्तीसच. नवीन घ्यायचं तर इशापूरच्या कारखान्याचं अशनी नावाचं पिस्तूल आहे. कानपूरचं निर्भीक रिव्हॉल्व्हर २०१४ साली बायकांसाठी म्हणून काढलं, तेही एकाकडे हातात घेऊन पाहिलं. जेमतेम अर्ध्या किलोचं, पण माझा पंजा तुला माहीत आहे. मुठीवर दोन बोटं बसली आणि करंगळीला जागाच उरली नाही. अशी मूठ धरली तर गोळी सुटताना नळी वर उसळते, हे तूच मला शिकवलं होतंस. म्हणून पूर्ण आकाराचंच पाहिजे होतं. आणि पूर्ण आकाराचं, चांगल्या घडणीचं बत्तीस म्हटलं की जुनं विलायतीच शोधावं लागतं. बाहेरून हत्यारं आणणं ऐंशीच्या दशकाच्या मध्यापासून सर्वसाधारण माणसाला बंद झालं, त्यामुळे देशात जी आहेत तीच या हातातून त्या हातात फिरतात आणि दर वेळी भाव चढतो.

तसं एक वर्ध्याला निघालं. एक निवृत्त गृहस्थ, वय ऐंशीच्या वर, मुलं परदेशात. बेल्जियमच्या एफएन कंपनीचं १९२२ मॉडेल, साडेतीन लाख. ओळखीतला भाव म्हणाले आणि तो खराच ओळखीतला होता.

त्यांनी पिवळ्या फलाटीनच्या तुकड्यातून ते काढलं, बंडू, आणि मला देण्याआधी मॅगझिन काढून टेबलावर ठेवलं. मॅगझिनचा खटका मुठीच्या बुडाशी आहे, तो अंगठ्याने मागे ओढावा लागतो. मग स्लाइड, म्हणजे वरचा सरकता भाग, मागे खेचून गोळी बसते ती कोठी रिकामी असल्याचं स्वतः पाहिलं, मला पाहायला लावलं आणि मगच माझ्या हातात दिलं. मुठीच्या काळ्या पट्ट्यांवर एफ आणि एन ही अक्षरं एकमेकांत गुंफलेली, अंगठ्याखाली येतात तिथे झिजून गुळगुळीत झालेली. मुठीच्या मागे एक पट्टी आहे. हात घट्ट आवळून ती दाबली गेली नाही तर घोडा चालतच नाही. मॅगझिन काढलेलं असलं तरी चालत नाही. पुढचं टोक खटका सोडून फिरवलं की निघतं. नळीतून उजेडाकडे पाहिलं, पिळाच्या रेघा ब्लेडसारख्या स्वच्छ. एवढ्या वर्षांची वस्तू, पण तिला कोणीतरी दर दिवाळीला तेल लावलेलं कळत होतं. तुझं नऊ एमएम आणि हे, दोघांचं मूळ ब्राऊनिंग या एकाच हत्यार घडवणाऱ्याच्या डोक्यातलं. ते माझ्या हातात असं बसलं की पाच बोटांपैकी एकालाही आपली जागा शोधावी लागली नाही.

मला ते पाहिजे होतं. लपवत नाही.

दोष पाहायला म्हणून दोन तास बसलो. एकच मॅगझिन आहे, दुसरं मिळणं कठीण. स्प्रिंग कधी बदलली त्यांना आठवत नव्हतं. सुटे भाग बाजारात नाहीत, काही तुटलं तर मिस्त्रीकडून घडवून घ्यायचं. आणि एक गोष्ट मला तेव्हाच खटकली. याला मागे आपटणारा कोंबडा बाहेर नाही, सगळं आत. म्हणजे टेबलावर पडलेल्या पिस्तुलाकडे पाहून ते तयार आहे की नाही, कोठीत गोळी आहे की नाही, हे सांगता येत नाही. उघडून पाहिलं तरच कळतं. "दर वेळी उघडून पाहायचं, आपणच ठेवलं असलं तरी," ते म्हणाले. खासगी माणसाने खासगी माणसाला विकायचं तर जिल्हा दंडाधिकाऱ्यांना किंवा ठाण्याला लेखी कळवून ४५ दिवस थांबावं लागतं. "ते पत्र कधी देऊ?" त्यांनी विचारलं. मी आठ दिवस मागितले.

त्या आठ दिवसांत मी वडकीचा तो रस्ता डोक्यात शंभर वेळा चाललो. पिस्तूल कंबरेला, वर शर्ट, वर सीटबेल्ट. उजवा हात स्टेअरिंगवर, काच खाली, आणि कोयता गळ्याला लागला तेव्हाच मला कळलं की ही लूट आहे. सगळं मिळून अर्धा मिनिटसुद्धा झालं नसेल. त्यात हात कंबरेकडे गेला असता तर काय झालं असतं, ते मी मनात दर वेळी पाहिलं आणि दर वेळी एकच दिसलं. उलट जिनिंगवाल्याशी बोललो, तर या हंगामापासून पैसे सरळ खात्यावर टाकायला तो तयार झाला. जी पिशवी लुटायला कोणी आडवं येईल, ती आता गाडीत नसणार. रानडुकरांचं म्हणशील तर बत्तीसची गोळी पाच ग्रॅमही भरत नाही. शंभर किलोच्या डुकराला ती फक्त चिडवेल, आणि वनखात्याच्या परवानगीशिवाय मारता येत नाही ते वेगळंच. जागलीला बॅटरी आणि फटाके, दोन एकरांना झटका मशीन, एवढ्यावर भागतं.

तरीही मन मानत नव्हतं. हातात बसलेली मूठ विसरत नाही रे.

आता धाकट्याचं. फोनवर मी तुला "बरा आहे" एवढंच सांगत आलो, ते पूर्ण खरं नव्हतं. ओळीने दोन वर्षं त्याची पऱ्हाटी गेली, एकदा बोंडअळीने, एकदा पाण्याने. आषाढापासून तो बोलेनासा झाला. पोळ्याला बैल सजवायला उठला नाही. ज्याने लहानपणी आपल्याला बैलांच्या शिंगांना रंग लावू दिला नाही, तो! पोळ्यानंतर शेतकऱ्यांच्या मनाच्या आरोग्यासाठीच्या सरकारी प्रेरणा प्रकल्पाचे प्रश्न घेऊन आशाताई घरोघर फिरत होती. झोप लागते का, भूक लागते का, जगण्यात गोडी वाटते का. त्याने खाली मान घालून उत्तरं दिली. जाताना तिने मला फाटकापर्यंत बोलावलं आणि दोन गोष्टी सांगितल्या. एक, त्याला उद्याच्या उद्या यवतमाळला डॉक्टरकडे न्या. दोन, फवारणीचं औषध आज रात्रीसुद्धा घरात ठेवू नका. दोन्ही केलं. गोळ्या चालू आहेत. औषधाचे सगळे डबे वावरातल्या कोठ्यात लोखंडी पेटीत कुलपात आहेत, चावी माझ्या करदोड्याला. डॉक्टर म्हणाले, अशी वेळ माणसावर येते आणि बरेचदा टळूनही जाते. त्या घडीला हाताशी काय आहे, यावर खूप काही अवलंबून असतं.

आणि हे सगळं करून झाल्यावर मी वर्ध्याला पिस्तूल पाहायला गेलो! दोन्ही गोष्टी एकाच डोक्यात शेजारी शेजारी होत्या आणि एकीचा दुसरीला धक्काही लागला नाही. कचेरीने माझ्या मनाचा दाखला मागितला होता, तो मी दिला. घरातल्या बाकीच्यांच्या मनाचा विचार करणं माझं काम होतं.

तो धक्का मायने दिला. परवा भाकरी थापता थापता, मागे वळूनही न बघता म्हणाली, "औषदाचे डबे तू वावरात नेऊन कुलपात टाकले ना बापू, मंग हे कायले घरात आनतं?"

मी काहीच बोललो नाही. जेवण तसंच ठेवून माजघरात गेलो. आबांची बंदूक कपाटामागे खोळीत उभी असते, लहानपणापासून तिथेच. शक्तिमानची काडतुसं वरच्या खणात, खणाची चावी देव्हाऱ्यात गणपतीच्या मागे. घरातल्या पोराठोरांनाही ठाऊक असलेली जागा. मी खण उघडला आणि काडतुसं खाटेवर ओतून मोजली. परवान्याच्या पुस्तकाप्रमाणे सात पाहिजेत. पहिल्यांदा मोजली तेव्हा हात कापत होते, सहाच भरली. एक उशीखाली घरंगळलं होतं. पुन्हा मोजली, सात. मग तिथेच बसून राहिलो. नवं पिस्तूल घ्यावं की नाही याचा मी महिनाभर काथ्याकूट करत होतो, आणि तो सगळा महिना ही चावी गणपतीच्या मागे होती.

वर्ध्याला काल फोन करून नाही कळवलं. ते गृहस्थ रागावले नाहीत, म्हणाले, "कारण विचारत नाही." मी तरी सांगितलं. ते बराच वेळ गप्प होते.

बंदूक विकणार नाही, आबांची आहे. यवतमाळचा शस्त्रविक्रेता परवानाधारकांची हत्यारं ठेवून घेतो, पावती देतो. उद्या सकाळी तिथे जमा करतो. २०२४ साली लोकसभेला आणि विधानसभेला दोन्ही वेळा ती ठाण्यात जमा होती, तेव्हा घरात कोणाला तिची उणीव भासली नव्हती. धाकटा पूर्ण सावरेपर्यंत राहू दे तिकडेच, मग ते वर्ष लागो की तीन.

एवढं एक ठरत नव्हतं की त्याला सांगायचं की गुपचूप न्यायची. गुपचूप नेली तर कपाटामागची रिकामी जागा त्याला दिसेलच, आणि आपल्याबद्दल घरात काय कुजबुज चालते हेही कळेल. म्हणून त्यालाच सोबत घेतो. पिकअपमध्ये शेजारी बसवतो आणि कारण सरळ सांगतो. संध्याकाळी त्याला विचारलं, उद्या यवतमाळला येतोस का? म्हणाला, येतो, पण परत येताना वेचणीच्या बायांसाठी चहापत्ती घ्यावी लागेल. वेचणीचं त्याने स्वतःहून काढलं, पोळ्यानंतर पहिल्यांदा.

दिवाळीला सुटी टाक. चार दिवस नाही, आठ. तो तुझ्याशी बोलतो.

तुझाच,
नाना