येलदरी भरलं, मग लाइट का जाते?

प्रिय दोस्ता,

परवा फोनवर तू विचारलंस, पूर्णेवरचं येलदरी धरण फुल्ल भरलं तरी गावात लाइट का जाते, अन् तेवढ्यात रेंज गेली, म्हणून सविस्तर लिहायलोय.

गावातली लाइट जाते ती बहुतेक वेळा डीपी, म्हणजे गावचा ट्रान्सफॉर्मर, जळली म्हणून, येलदरीची वीज काय थेट आपल्या गावात येत नाही, ती ग्रिडमध्ये, म्हणजे राज्यभरच्या तारांच्या जाळ्यात जाते. अन् येलदरीचं वीजघर सगळं मिळून २२.५ मेगावॅटचं, वीज करणारे ७.५ चे तीन संच. कोयना १,९६० मेगावॅट! खरा फरक पाणी किती उंचीवरून पडतं त्याचा. ३० मीटरवरून पाणी सोडलं तर एका युनिटला कमीत कमी १२ हजार लिटर लागतं, म्हणजे उन्हाळ्यात गावात येतो ना, तो अख्खा टँकर रिकामा केला की एक युनिट. कोयनेच्या पोफळीच्या वीजघरात पाणी पावणेपाचशे मीटरच्या आसपास खाली जातं, तिथं हजार लिटरमध्येच युनिट निघतं.

त्यात आपला पाऊस. वर्षाचा ८० टक्क्यांच्या वर जून ते सप्टेंबरात, तोही दोन-चार दिवसांत कोसळून जातो. धरण भरलेलं असताना पूर आला की दरवाजे उघडायचे, ते पाणी टर्बाइनला न शिवता थेट नदीत, कारण संच आपल्या कपॅसिटीपुरतंच पाणी घेतात. तेच सावकाश आलं असतं तर वीज झाली असती. पावसानं ओढ दिली की उलटं, पातळी उतरते, दाब कमी होतो, तेवढ्याच पाण्यात वीज कमी निघते अन् शेवटी संच बंद. जिंतुरात झोडपून काढलं तरी भागत नाही, पूर्णेच्या वरच्या अंगाला, बुलढाण्याकडं पडावा लागतो, अन् तिथं आधी वरचं खडकपूर्णा धरण भरतं.

पण नुसत्या विजेसाठी आपल्याकडं पाणी सोडूच नये असं मला मनापासून वाटतं. शेतीसाठी पाण्याचं आवर्तन निघालं की खालच्या सिद्धेश्वर धरणाकडं जाता जाता त्याच पाण्यावर वीज होते, तेवढी बास. जुलै २०१५ मध्ये परळीचं कोळशावरचं थर्मलसुद्धा पाण्यावाचून बंद पडलं होतं, अन् पुढच्याच वर्षी लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, विसरलास का? पैठणला तर १२ मेगावॅटचा संच असा आहे की वीज करून खाली गेलेलं पाणी परत नाथसागरात, म्हणजे जायकवाडी धरणात चढवता येतं. माझ्या मते आपल्यासारख्या दुष्काळी भागाला तीच पद्धत बरी.

दादाला सांग, यंदा पाणी हाय तर रब्बीसाठी पाणी मागणीचा नमुना ७ चा अर्ज वेळेत भरून टाक म्हणावं, हरभऱ्याला दोन पाणी नक्की मिळतील.

तुझाच,
बाळू