खोलीला सिलिंग हवं आणि दोन्ही भाषा येणाऱ्या बायका हव्यात : एक आवाहन

सप्रेम नमस्कार. लहान मुलांचे जबाब नीट घेता यावेत म्हणून वाचनालयामागची एक खोली तयार करायची आहे, आणि मराठी-कन्नड दुभाषा म्हणून बसायला बायका हव्या आहेत. त्यासाठी हे आवाहन.

एखाद्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचा संशय आला की त्याचा जबाब घ्यावा लागतो. कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यात, आपल्या खानापूर तालुक्यात मूल मराठी बोलतं आणि जबाब कन्नडमध्ये लिहिला जातो. मध्ये दुभाषा म्हणून जो हाताशी सापडेल तो बसतो, कधी शेजारचे काका, कधी ओळखीचा कार्यकर्ता. पोलीस मॅडम कन्नडमध्ये बरोबरच विचारतात, ‘काय झालं ते तुझं तू सांग.’ काका ते मराठीत सांगताना म्हणतात, ‘त्यानं तुला हात लावला ना गं? सांग, भिऊ नको.’ पोरगी मान हलवते. कागदावर मात्र लांबलचक वाक्य उतरतं. पुढे कोर्टात आरोपीचा वकील नेमकं तिथेच बोट ठेवतो : हे तुला कुणी पढवलं? काकांच्या मनात पाप नसतं. पण त्यांच्या घाईनं खरं सांगणारं मूल खोटं ठरू शकतं, आणि काही घडलंच नसेल तर निरपराध माणूसही अडकू शकतो.

कायद्यात याची सोय आहे. २०१२ च्या पोक्सो कायद्याप्रमाणे (मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा कायदा) मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला बरं वाटेल अशा ठिकाणी घ्यायचा असतो. शक्यतो उपनिरीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाच्या महिला अधिकाऱ्यांनी घ्यायचा, आणि तोही वर्दी न घालता. आई-वडील किंवा मुलाचा भरवसा असलेलं माणूस जवळ हवं, गरज असेल तिथे दुभाषा द्यायचा, आणि शक्य असेल तेव्हा ध्वनिचित्रमुद्रण करायचं. रात्री मुलाला ठाण्यात ठेवता येत नाही. २०२० च्या नियमांनुसार जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे दुभाषे, विशेष शिक्षक आणि मुलाला सोबत करणाऱ्या आधार-व्यक्ती यांची नोंदवही असते. त्या वहीत आपल्या तालुक्यातली, मराठी-कन्नड दोन्ही फाडफाड बोलणारी नावं गेली पाहिजेत, एवढ्यासाठीच हा खटाटोप. सीमाप्रश्न २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, तो तिथे असू द्या. या खोलीत त्याचं काही काम नाही. कन्नड घरांतल्या ताईंनीही नाव द्यावं, ही कळकळीची विनंती.

दुभाषा म्हणून बसणाऱ्यांनी शिकायचं काय, ते थोडं सविस्तर सांगतो, कारण ‘लहान मुलांशी बोलायला कसलं आलंय प्रशिक्षण’ असं बऱ्याच जणांना वाटतं. मायकेल लँब आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात अमेरिकेतल्या बालआरोग्य संस्थेत अशा मुलाखतीची एक पद्धत बसवली. इस्रायलमध्ये ती देशभर वापरली जाते. २०१४ मध्ये तिची सुधारित आवृत्ती आली. तिचा भर मुलाला आधार देण्यावर आहे, आणि नियम सांगण्याआधी ओळख वाढवायची असा क्रम आहे. मग मुलाला सांगायचं : माहीत नसेल तर ‘माहीत नाही’ म्हण, माझं काही चुकलं तर मला सांग. त्यानंतर सरावाच्या गप्पा. ‘गावच्या महालक्ष्मी यात्रेदिवशी सकाळी उठल्यापासून काय काय झालं, सगळं सांग.’ पोर पालखी, पाळणा, मिठाई असं सांगत सुटतं. सगळं आपणच बोलायचं आहे आणि समोरचं माणूस ऐकणार आहे, हे त्याला तिथे कळतं. मूळ विषय निघाला की प्रश्न अगदी साधे : ‘मग काय झालं?’, ‘गिरणीजवळचं म्हणालीस, ते अजून सांग.’ तिनं न उच्चारलेलं नाव आपण उच्चारायचं नाही. ‘तू तिथं गेलीसच कशाला?’ हा प्रश्न तर तोंडातून येताच कामा नये. तो मुलाला शिक्षेसारखा लागतो.

आधार देणं म्हणजे हवं ते उत्तर आल्यावर ‘शाब्बास’ म्हणणं नव्हे, कारण तेही पढवणंच झालं. ‘सांगायला जड जातंय, कळतंय मला. सावकाश सांग,’ एवढं म्हणता येतं. मुलानं नीट ऐकलं, मन लावून आठवलं, याचं कौतुक करता येतं. त्यानं काय सांगितलं याचं नाही. दुभाष्यानं तर आपलं एक अक्षरही घालायचं नाही. मूल गप्प बसलं तर आपणही गप्प बसायचं, आणि आपल्या बायकांना (मंडळातल्या आम्हा सगळ्यांना धरून) हेच सगळ्यात अवघड जाणार आहे.

आता खोलीचं. वाचनालयामागची खोली विश्वस्तांनी या कामाला दिली आहे. जबाब पोलीसच घेणार. मंडळ कुणाची चौकशी करणार नाही. अडचण वरच्या पत्र्यांची आहे. खानापूरचा पाऊस तुम्हाला सांगायला नको. जुलैत पत्रे असे वाजतात की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही, मग दबक्या आवाजात बोलणाऱ्या मुलाचं रेकॉर्डिंग काय डोंबल होणार? म्हणून सिलिंग, जाड पडदे, एक इन्व्हर्टर, जाजम आणि दोन बुटक्या खुर्च्या हव्या आहेत. खेळणी पाठवू नका. खोली खेळण्यांनी भरली की मुलाचं लक्ष तिकडेच जातं.

भाड्याचाही खर्च आहे. सरकारी बस बायकांना फुकट आहे, बापाला नाही. शिवाय कणकुंबी, जांबोटीकडच्या वाड्यांतून वेळेवर निघायचं तर रिक्षाच करावी लागते. बेळगावच्या कोर्टात तारीख असली की घरच्यांचा रोजगार बुडतो तो वेगळाच.

एखाद्या पोरीची कहाणी इथे लिहिली असती तर पैसे लवकर जमले असते, असं काहींनी सुचवलं. ती आम्ही लिहिणार नाही. मुलाची ओळख पटेल असं काहीही, अगदी शाळा किंवा गल्लीसुद्धा, छापणं हा गुन्हा आहे, आणि आपल्या गावांत तर ‘अमक्या वाडीतली चौथीतली’ म्हटलं तरी पुरतं.

कुठल्या मुलानं तुम्हाला काही सांगितलं तर ऐकून घ्या, त्याचे शब्द जसेच्या तसे लिहून ठेवा, आणि खोदून खोदून विचारू नका. १०९८ (मुलांसाठीची हेल्पलाइन) किंवा ११२ (तातडीची मदत) ला फोन करा. पोलिसांना कळवणं कायद्यानं बंधनकारक आहे. पंचांपुढे मिटवामिटवी करणं नाही.

निवृत्त शिक्षिका, अंगणवाडी ताई, नर्स, कॉलेज झालेल्या मुली, कुणीही नाव द्यावं. पोलीस पडताळणी होईल. गावातली बातमी ज्यांच्या पोटात राहत नाही त्यांनी कृपया पैसे द्यावेत, वेळ नको. देणगी रोख किंवा चेकनं वाचनालयात संध्याकाळी ५ ते ८ या वेळेत स्वीकारली जाईल. पावती मागून घ्या. सिमेंट-लोखंडवाल्यांनी आणि सुतारांनी सामान किंवा मजुरी दिली तरी चालेल. सिलिंगचं काम दिवाळीनंतर लगेच सुरू करायचं आहे. नाव नोंदवायला येताना आधार कार्डाची झेरॉक्स आणि दोन फोटो आणावेत.

आपले,
महिला मंडळ व वाचनालय कार्यकारिणी, खानापूर तालुका